'आपला' म्हणजे नक्की कोणाचा?

फॅमिली ग्रुपवर मेसेज येतो, "रवीने आपली गाडी विकली." बास, एवढंच. आता ही गाडी कोणाची होती? रवीची स्वतःची असेल तर ठीक आहे, त्याची गाडी, तो विकेल नाहीतर ठेवेल. पण ती सगळ्या घराची मिळून असेल तर आता त्या ग्रुपवर भांडण होणार. आणि मजा अशी की मराठी व्याकरणाने बघितलं तर दोन्ही अर्थ शंभर टक्के बरोबर आहेत, लिहिणाऱ्याने कुठेही चूक केलेली नाही.

'माझा', 'तुझा', 'त्याचा' हे शब्द सरळ आहेत, मालक कोण ते लगेच कळतं. 'आपला' तसा नाही. हा शब्द मालकी दाखवतो खरा पण मालकाचं नाव सांगत नाही, ते आपण वाक्यातून, बोलणाऱ्याकडे बघून, कधीकधी तर त्याच्या तोंडावरच्या भावावरून शोधून काढायचं असतं. आपण ते दिवसातून शंभर वेळा न अडखळता करतो म्हणून त्यात काही अवघड आहे असं वाटतच नाही. मराठी नव्याने शिकणाऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल.

आधी रूपांचं उरकून घेऊ कारण ते सोपं आहे. आपला, आपली, आपलं, आणि अनेकवचनात आपले, आपल्या, आपली. हा शब्द मालकाप्रमाणे बदलत नाही, वस्तूप्रमाणे बदलतो. बाई असो की बुवा, 'आपला चष्मा', 'आपली पिशवी', 'आपलं पाकीट'. आणि पुढच्या नामाला काही प्रत्यय किंवा शब्द चिकटला की सगळीकडे 'आपल्या' होतं, आपल्या चष्म्यावर, आपल्या पिशवीत, आपल्या पाकिटातून. यातलं सगळ्यात गमतीचं उदाहरण पत्राच्या शेवटी सापडतं. अर्जाखाली पुरुष 'आपला विश्वासू' लिहितो आणि बाई 'आपली विश्वासू' लिहिते. साहेब एकच, टेबल एकच, मग शब्द का बदलला? कारण तिथे मालक साहेब आहेत आणि 'वस्तू' म्हणजे अर्ज लिहिणारी व्यक्ती. म्हणजे व्याकरणाच्या हिशोबाने बघितलं तर आपण दर अर्जात स्वतःला समोरच्याच्या नावावर करून देतो, आणि तेही फुकट.

अजून एक बारीक गोष्ट. आमचा, तुमचा, त्याचा, तिचा, यांचा, सगळीकडे 'चा' आहे. माझा, तुझा मध्ये 'झा'. एकटा 'आपला' मात्र 'ला' घेऊन येतो. हा 'ला' म्हणजे 'रवीला', 'मला' मधला 'ला' नव्हे, तो वेगळा. 'आपण' या सर्वनामाचं 'आपणचा' असं रूप मराठीत होत नाही, तिथे 'आपला' हेच रूप चालत आलंय. जुन्या मराठीत ते 'आपुला' होतं. तुकोबांचं 'त्यासी म्हणे जो आपुले' सगळ्यांना पाठ असतं, तिथे तेच रूप आहे. बोलण्यातून तो 'उ' गेला पण 'आपुलकी' या शब्दात अजून बसून आहे, 'आपलकी' कोणी म्हणत नाही.

मुळात हा शब्द आला कुठून तर संस्कृतातल्या 'आत्मन्' वरून. प्राकृतात 'त्म' चा 'प्प' झाला, 'अप्पा', 'अप्पण' अशी रूपं झाली, आणि त्यातून मराठीत आप, आपण, आपला आले. हिंदीतला 'अपना' आणि 'आप', गुजरातीतला 'आपणे' हे सगळे त्याच घरचे. म्हणजे आत्मा आणि आपण हे एकाच शब्दाचे दोन अवतार, एक संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला आणि दुसरा लोकांच्या तोंडात झिजून झिजून इथपर्यंत आलेला. आपोआप, आपसूक, आपसात, आपखुशीने, आपमतलबी, या सगळ्यात तोच 'आप' आहे आणि सगळीकडे अर्थ 'स्वतः' असाच आहे. हे लक्षात ठेवा कारण 'आपला'चा पहिला आणि जुना अर्थ हाच, 'स्वतःचा'. बाकीचे अर्थ त्याला नंतर फुटलेत.

शाळेत आपण सर्वनामाचे सहा प्रकार पाठ केलेले असतात, त्यातला एक आत्मवाचक. एमपीएससीवाले तर झोपेतही सांगतील, की आत्मवाचक 'आपण' वाक्याच्या सुरुवातीला येत नाही आणि 'आम्ही' किंवा 'तुम्ही' या अर्थाने आलेला 'आपण' असेल तर तो पुरुषवाचक. हे बरोबर आहे. पण असं का, हे पुस्तकात फारसं कोणी सांगत नाही आणि मग ते नुसतं पाठांतर होऊन बसतं.

कारण असं की 'स्वतःचा' म्हणायचं तर कोणाचं स्वतःचं, हे सांगणारं कोणीतरी वाक्यात आधी असायला लागतं. "तो आपलं काम करतो." 'तो' आधी आला, मग 'आपलं' म्हणजे त्याचंच. आता त्याऐवजी "तो त्याचं काम करतो" म्हणून बघा. इथे शंका येते की हा 'त्याचं' म्हणजे स्वतःचं की भलत्याच कोणाचं? ऑफिसात एखादा दुसऱ्याचं काम करत बसलेला असेल तरी हे वाक्य चालेल. 'आपलं' म्हटलं की तो दुसरा माणूस बाद होतो. तृतीय पुरुषात 'आपला'चा खरा उपयोग हाच आहे.

म्हणून 'मी' आणि 'तू' बरोबर त्याची तेवढी गरजही पडत नाही. "मी माझं काम केलं" यात कसलीच शंका नाही, 'मी' एकच आहे. हिंदीत तिथेही 'मैंने अपना काम किया' असंच म्हणावं लागतं, 'मैंने मेरा काम किया' म्हटलं की शुद्ध हिंदीवाले कान पकडतात (आणि आपण मराठी माणसं हिंदी बोलताना नेमकं तेच म्हणतो, मुंबई-पुण्याची हिंदी ओळखायची ही एक खूण आहे). मराठीत पूर्वी 'मी आपल्या घरी गेलो' असं लिहायची पद्धत होती, जुनी पुस्तकं काढून बघा, सर्रास सापडेल. आज तसं म्हटलं तर ऐकणारा म्हणेल, आपल्या म्हणजे? माझ्या घरी पण? तू तिथे काय करायला गेलास?

आता जरा खोलात जाऊ, कारण खरी गंमत इथे आहे. 'आपला' कोणाकडे बोट दाखवतो? सोपं उत्तर म्हणजे कर्त्याकडे. पण "रवीला आपली चूक कळली" हे वाक्य घ्या. शाळेच्या पद्धतीने पृथक्करण केलं तर 'कळली' हे क्रियापद 'चूक'शी जुळतंय, स्त्रीलिंगी एकवचन, आणि रवीला तर 'ला' लागलाय. तरीही 'आपली' म्हणजे रवीचीच. का, तर ज्याला कळलं तो रवी आहे. तसंच "रवीच्या हातून आपलाच फोन फुटला". म्हणजे 'आपला' प्रत्यय बघत नाही. वाक्यातलं मुख्य माणूस कोण, कोणाच्या डोक्यात किंवा कोणाच्या हातून हे घडतंय, ते तो बघतो. संगणकाला हे शिकवायला फार जड जातं, चार वर्षाच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही.

आणि त्या मुख्य माणसाच्या शेजारी, त्याच्या बरोबरीला, 'आपला'ला बसता येत नाही. "रवी आपल्या बायकोबरोबर आला" चालतं. "रवी आणि आपली बायको आले" म्हणून बघा जरा मोठ्याने, लगेच कानाला खटकतं, आणि जो अर्थ निघतो तो तर विचारूच नका. तिथे 'रवी आणि त्याची बायको' असंच म्हणावं लागतं. कारण तिथे बायको स्वतःच कर्त्याचा अर्धा भाग झाली, मग 'आपली' म्हणायला मागे कोणी उरलंच नाही. वाक्याच्या सुरुवातीला येत नाही हा शाळेतला नियम यातूनच आलाय.

वाक्यात वाक्य आलं की मग खरा गोंधळ. "रवी म्हणाला की विजयने आपली गाडी घेतली." ही गाडी विजयची स्वतःची असू शकते, म्हणजे विजयने एकदाची गाडी घेतली, पेढे द्या. रवीची असू शकते, म्हणजे विजय न विचारता घेऊन गेला. आणि बोलणारा आणि ऐकणारा दोघांची मिळून असू शकते, म्हणजे आता आपण बसने जायचं. एका वाक्यात तीन मालक! इथे 'स्वतःची' वापरलं तर मात्र फक्त विजय उरतो. 'स्वतः' हा जवळच्या कर्त्याला धरून राहतो आणि 'आपण' लांबच्या माणसापर्यंत पोचू शकतो. काशी वाली या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी मराठीच्या या दोन शब्दांवर १९७० च्या दशकापासून बारकाईने काम केलं आणि जगभरात जिथे असल्या 'लांब पल्ल्याच्या' सर्वनामांची चर्चा होते तिथे मराठीचं उदाहरण दिलं जातं.

'आपला' ऐवजी 'आपल्याला' घेतलं तर हा फरक अजून ठळक दिसतो. "रवी म्हणाला की विजयने स्वतःला मारून घेतलं", मार विजयने खाल्ला. "रवी म्हणाला की विजयने आपल्याला मारलं", मार रवीला बसला, किंवा आपल्या सगळ्यांना बसला, पण विजयला नक्की नाही. 'आपल्याला' एवढ्या जवळ वळून मारणाऱ्याकडे परत येऊ शकत नाही. 'आपली गाडी' मात्र जवळही येते आणि लांबही जाते. एकाच सर्वनामाची दोन रूपं आणि दोघांचे नियम वेगळे.

कोणाकडून काम करून घेतलं की तिथेही असंच होतं. "सुनीताने मीनाकडून आपलं प्रोजेक्ट करून घेतलं", इथे प्रोजेक्ट सुनीताचं, मीना बिचारी राबली. "सुनीताने मीनाला आपलं प्रोजेक्ट करायला लावलं" म्हटलं की दोन्हीपैकी काहीही, सुनीता लबाड आहे की शिस्तीची आहे ते त्यावरून ठरणार.

आता दुसरा मोठा अर्थ. 'आपला' म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघांचा मिळून. हिंदीत 'हमारा' म्हटलं की त्यात समोरचा धरलाय की नाही ते कळायला मार्ग नाही, इंग्रजीतही तेच. मराठीत आपण दोन वेगळे शब्द ठेवलेत. 'आमचा' म्हणजे तू सोडून आमचा, आणि 'आपला' म्हणजे तू धरून. गुजरातीत 'अमारुं' आणि 'आपणुं' असा हाच भेद आहे. तेलुगूत 'मेमु' आणि 'मनम्' आहे, तमिळमध्येही आहे. द्राविडी भाषांमध्ये हा भेद जुना असल्यामुळे शेजाराशेजाराने राहून तो मराठी-गुजरातीत आला असावा असं बरेच अभ्यासक मानतात. मला ते पटतं, कारण त्याच संस्कृतच्या घरातल्या हिंदीत तो नाही आणि संस्कृतातही नव्हता.

या भेदाचं सगळ्यात सुंदर उदाहरण लग्नपत्रिकेत असतं. वर 'आमचे येथे श्रीकृपेकरून', खाली घरातल्या चिल्लर पार्टीची नावं आणि 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'. इथे 'आपल्या ताईच्या' का नाही लिहीत? कारण पत्रिका ज्याला दिली तो पाहुणा आहे, ताई त्याची नाही. सख्ख्या चुलतभावाला फोन करताना मात्र आपण म्हणणार, "आपल्या ताईचं लग्न ठरलं रे!" आणि तिथे चुकून 'आमच्या' निघालं तर तो दुखावला जाईल, बोलून नाही दाखवणार, पण जेवायला उशिरा येईल. आणि त्याच पत्रिकेत शेवटी 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' असंही असतं, तिथे 'आपली' म्हणजे चक्क 'तुमची'. एकाच कार्डावर, त्यावर नंतर येतो.

पुण्यातली 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी घ्या. तिथे 'आपली कोठेही शाखा नाही' असं लिहिलं असतं तर गिऱ्हाईक दुकानात भागीदार झालं असतं, आणि पुण्यातला दुकानदार असल्या गोष्टीत गाफील राहत नाही. उलट गाडीवरचा भाजीवाला म्हणतो, "घ्या ताई, आपलाच माल आहे." माल त्याचाच आहे, पैसेही तो मोजून घेणार, पण 'आपला' म्हणून त्याने ताईंना दोन मिनिटं घरात घेतलं. निवडणुकीच्या बॅनरवर 'आपला माणूस' लिहितात ते त्याच हिशोबाने. 'आमचा माणूस' लिहिलं तर तो फक्त पक्षाचा उरतो.

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या किंवा परदेशात वाढलेल्या मराठी मुलांच्या बोलण्यातून हा भेद सगळ्यात आधी गळतो. आई शेजारी बसलेली असते आणि पोरगं तिलाच विचारतं, "आमची गाडी कुठे पार्क केली?" आई म्हणते, तुमची मला माहीत नाही, आपली त्या झाडाखाली आहे. पोराच्या डोक्यात 'आवर' हा एकच शब्द आहे आणि त्याला मराठीत दोन कप्पे आहेत हे कोणी सांगितलेलंच नाही. खरं तर हे सांगायला एक मिनिट लागतं: मी ज्याच्याशी बोलतोय त्याला धरायचंय का? धरायचं असेल तर आपली, नसेल तर आमची. 'आम्ही जाऊ' आणि 'आपण जाऊ' मध्ये पण हेच.

मुंबईत आणि कॉलेजच्या कट्ट्यावर याचं अजून एक रूप ऐकू येतं, 'आपण' म्हणजे चक्क 'मी'. "आपण नाय घाबरत कोणाला", "ते आपलं काम नाय", "आपल्याला काय करायचंय". बोलणारा एकटाच आहे पण थोडा रुबाब दाखवायचाय, नाहीतर उलट, अंग काढून घ्यायचंय. मुंबईच्या हिंदीतलं 'अपुन' याचंच भावंड.

आदराचा अर्थ थोडक्यात. "आपलं नाव काय?", "आपले सहर्ष स्वागत", "आपण बसून घ्यावं". इथे मालक समोरचा, आणि आदरार्थी असल्यामुळे 'आपण' कर्ता असला की क्रियापद अनेकवचनात, 'आपण आलात', 'आपण बसा'. हे मराठीत रोजच्या बोलण्यात कमी आहे, आपण सासऱ्यांनाही 'तुमचं जेवण झालं का' असंच विचारतो. 'आपलं' हे स्टेजवरून, बँकेच्या पत्रातून आणि निमंत्रणात. हिंदीत 'आपका' जेवढं सहज येतं तेवढं मराठीत येत नाही आणि ओढूनताणून आणलं की डब केलेल्या जाहिरातीसारखं वाटतं.

सरकारी नावं बघितली तर हे अर्थ एकमेकात मुद्दाम मिसळलेले दिसतात. 'आपले सरकार' हे पोर्टल, 'आपला दवाखाना', सगळीकडे 'आपला'. म्हणजे तुमचा की आपल्या सगळ्यांचा? दोन्ही चालतं आणि दोन्ही ऐकायला गोड. 'प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी' इथे मात्र सरळ 'स्वतःच्या', तिथे सामान सगळ्यांचं मिळून नाही, चोरीला गेलं की फक्त तुमचं.

'आपला'ची जोडी केली की 'आपापला' होतो, आणि हा मला फार हुशार शब्द वाटतो. "सगळे आपल्या घरी गेले" म्हटलं तर बहुतेक लोक समजतील की सगळे आपल्याकडे गेले, चला आता चहा टाका. "सगळे आपापल्या घरी गेले" म्हणजे ज्याचा त्याचा रस्ता वेगळा. दर माणसाला वेगळं घर, वेगळा मालक, आणि हे सगळं एका 'पा'ने सांगितलं. इंग्रजीत हे सांगायला जास्त शब्द लागतात आणि तरी ते वकिली वाटतं. हॉटेलात बिल आलं की "आपापले द्या" हे दोन शब्द पुरतात. शुद्धलेखनाचं म्हणाल तर 'आपआपला' नव्हे, 'आपापला'.

आता तो 'आपला' जो कोणाचाच नाही. "मी आपला गप्प बसलो." "ती आपली हसत होती." "आपलं सहज विचारलं." इथे मालकी कुठे आहे? कुठेच नाही. तरी हा शब्द काढून बघा, "मी गप्प बसलो". अर्थ तोच पण चव गेली. 'आपला' आला की कळतं की मी त्यात पडलो नाही, माझा काही डाव नव्हता, मी बापडा बाजूला होतो. मला वाटतं हा 'स्वतः'वाल्या जुन्या अर्थाचाच ओघळ आहे, तो स्वतःत, स्वतःपुरता, दुसऱ्याशी संबंध न ठेवता बसलाय. व्याकरणाने बघायचं तर पहिल्या दोन वाक्यांत तो कर्त्याशी जुळतो, मी आपला बसलो, मी आपली बसले, ते आपले बसले. नवल म्हणजे इथे 'मी' बरोबर तो खुशाल चालतो, जिथे 'मी आपलं काम केलं' म्हणताना आपण आता अडखळतो. "आपलं सहज" मधला मात्र कायम 'आपलं'च राहतो, बोलणारा कोणीही असो.

आणि शेवटचा तर फारच अस्सल. "मी दादरला, आपलं, परळला उतरलो." जीभ घसरली, चुकीचं नाव तोंडातून गेलं आणि दुरुस्त करायचं, तर आपण 'आपलं' म्हणतो. ना माझं ना तुझं ना त्याचं, नुसतं ब्रेक मारून गाडी मागे घेणं. दुसरा कुठला मालकीदर्शक शब्द ही नोकरी करतो? 'माझं' नाही करत, 'त्याचं' नाही करत. मराठी शिकवणाऱ्या पुस्तकांत हा वापर क्वचितच असतो आणि मराठी घरात एक दिवस राहिलेल्या माणसाला तो पहिल्याच दिवशी ऐकू येतो.

या शब्दाची एक कमी गोड बाजू आहे तीही सांगतो, ती टाळून चालणार नाही. 'आपल्यातला'. "मुलगा चांगला आहे, आणि आपल्यातलाच आहे." हे वाक्य ज्याने ज्याने लग्नाच्या बाजारात ऐकलंय त्याला माहितीय की यात 'आपल्यात' म्हणजे जात. भाड्याने घर बघायला गेलं की आडनाव विचारतात आणि मग, "म्हणजे आपल्यातलेच का?" जातीचं नाव न घेता जात विचारायची झाली तर मराठीत याच्यापेक्षा सोयीचा शब्द नाही. वर म्हटलं तसं 'आपला' ऐकणाऱ्याला आत घेतो, पण आत-बाहेर करायला आधी रेघ मारावी लागते आणि ती रेघ बोलणारा मारतो. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण त्याच रेघेची आहे. आणि "आपल्याकडे असं नसतं" मधलं 'आपल्याकडे' म्हणजे घर, गाव, जात, महाराष्ट्र की भारत, हे समोर कोण बसलंय त्यावर बदलतं.

एवढं ताणलं जाणारं सर्वनाम म्हटल्यावर कायद्याच्या कागदात ते कोण येऊ देणार? कुठलंही खरेदीखत काढून बघा. तिथे 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे दोन पक्ष असतात आणि दर वेळी पूर्ण म्हटलेलं असतं, 'लिहून देणार यांच्या मालकीची व कब्जेवहिवाटीची मिळकत'. वाचताना कंटाळा येतो, एकच गोष्ट दहा वेळा का लिहिलीय असं वाटतं. पण 'लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना आपली मिळकत दिली' असं लिहिलं आणि उद्या कोणी कोर्टात उभं राहून म्हणालं की आपली म्हणजे आमची दोघांची सामाईक, तर? म्हणून तिथे 'मालकीची' लागतं. हा 'मालक' अरबीतून फारसीमार्गे आलाय, हिंदीत 'मालिक' राहिला आणि आपल्याकडे 'मालक' झाला, आणि 'यांच्या मालकीचा', 'यांच्या मालकीची' असं नाव लावूनच तो पुढे येतो. शिवाय 'मालकीची' वेगळी आणि 'कब्जेवहिवाटीची' वेगळी, कारण जमीन एकाच्या नावावर आणि वापर दुसऱ्याचा असं असू शकतं, ते दोन्ही लिहून देणाऱ्याकडे आहे हे सांगायला दोन शब्द. सातबाऱ्यावर तर 'मालक' सुद्धा नसतो, 'भोगवटादार' असतो, वर्ग १ आणि वर्ग २. वर्ग १ ला जमीन विकायला साधारण आडकाठी नसते, वर्ग २ ला विकण्यावर बंधनं असतात, परवानगी लागते.

म्हणजे घरात 'आपलं शेत' म्हणायचं, कागदावर नाव लावून 'यांच्या मालकीचं' म्हणायचं. मृत्युपत्र, वाटणीचा कागद, भाडेकरार, अगदी भावाला उसने दिलेल्या पैशांची चिठ्ठी जरी स्वतः लिहिणार असाल तरी 'आपला' जिथे जिथे आलाय तिथे तो खोडा आणि माणसाचं पूर्ण नाव घाला. आणि फॅमिली ग्रुपवर गाडीबद्दल लिहिताना 'स्वतःची' किंवा 'घरची', यातलं एक काहीतरी लिहा.